रिमोटच्या सेलवरची चैत्रगौर

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. साबणाच्या वडीएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. हसू नका. देवास गेटजवळच्या दुकानातून आल्हादने मला घेतलं, तेव्हा दुकानदाराने मला मखमलीवर ठेवून दाखवलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा, श्रुतीचा जन्म झाला. तिची पहिली जांभई, पहिला दात, राम घाटावर बाबांच्या खांद्यावरून पाहिलेली आरती, सगळं माझ्या पोटात आहे. "कॅमेरा आणा रे" अशी हाक आली की मी नुसता फुगून जायचो.

मग घरात मोबाइल आले आणि माझी रवानगी झाली कपाटात, त्याच्या बायकोच्या, निहारिकाच्या रेशमी साड्यांखाली. सेल तेवढे तिने आठवणीने काढून ठेवले होते, नाहीतर ते गळून माझा जीवच गेला असता. पाच वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होतो. राग यायचा, खोटं कशाला सांगू?

दोन हजार वीसच्या चैत्रात लॉकडाऊन लागला. आल्हादची नोकरी बँकेत, त्यामुळे त्याला रोज जावंच लागायचं. घरी आला की तो पुढच्या खोलीत वेगळा राहायचा. मागे निहारिका आणि सात वर्षांची श्रुती. टीव्हीवर दिवसभर रुग्णांचे आकडे, मोबाइलवर शाळा. नानाखेडा भागातल्या आमच्या घरात सकाळपासून एकच आवाज घुमायचा, निहारिकाचा. "सरळ बस. वही काढ. किती वेळा सांगू?"

एके दुपारी श्रुती म्हणाली, "आई, तू तर फक्त डाँटतेस. मी तुझ्याशी बोलणारच नाही." आणि खरंच बोलेनाशी झाली. हाक मारली की मान हलवायची, बस्स. दोन दिवस असे गेले. निहारिकाने दाराआडून आल्हादला सांगितलं, "हे दिवस संपतील रे, पण हिला यातलं माझं ओरडणंच लक्षात राहील. मला त्याचीच भीती वाटते."

तिसऱ्या दिवशी चैत्रगौरीसाठी साडी काढायला तिने कपाट उघडलं आणि मी धपकन खाली आलो. तिने मला पदराने पुसलं. सेल आणणार कुठून? दुकानं सगळी बंद. तिने टीव्ही बंद केला, रिमोटमधले सेल काढले आणि मला घातले. मी डोळा उघडला तर समोर तोंड फुगवून बसलेली श्रुती. काढलाच तिचा फोटो! स्वतःचं ते तोंड बघून तिला हसू आलं, पण बोलली नाही. पक्की हट्टी.

संध्याकाळी गौर झोपाळ्यात बसली. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, पण हळदीकुंकवाला येणार कोण? दरवर्षी तीस-चाळीस बायका यायच्या. निहारिका करंडा घेऊन एकटीच बसली होती. इतक्यात दाराशी कोणीतरी कण्हलं. डोक्यावर टॉवेल घेऊन, लाटणं टेकत श्रुती उभी होती. "कंबर गेली गं बाई माझी. डाळीत मिर्ची कमी घातलीस ना?" हुबेहूब वरच्या मजल्यावरच्या माई!

"या माई, बसा," निहारिका हसू दाबत म्हणाली. तिने कुंकू लावलं, ओटीत भिजवलेले हरभरे घातले, गुलाबपाण्याऐवजी हातावर सॅनिटायझर शिंपडलं आणि फोटो काढला. माई गेल्या, तर गॉगल लावून स्नेहामामी आल्या. मग ओढणीची साडी नेसून कोणी शेजारीण. अशा नऊ जणी डाळ खाऊन गेल्या.

आल्हादने पुढच्या खोलीतून विचारलं, "टीव्ही का बंद आहे? जरा न्यूज लाव ना."

"आज न्यूज नाही. घरात पाहुणे आहेत," निहारिका म्हणाली.

पण मित्रांनो, इतका वेळ श्रुती माईंच्या आणि मामीच्या तोंडून बोलत होती, स्वतःच्या नाही. शेवटी तिने टॉवेल, गॉगल सगळं काढून ठेवलं आणि मला हातात घेतलं. "आता तू पाहुणी. बाहेर जा आणि बेल वाजव."

बेल वाजली. "कोण?"

"श्रुतीची आई."

"ती तर खूप डाँटते."

दाराबाहेरून निहारिका म्हणाली, "हो. थकते आणि ओरडते. मग तिलाच रडू येतं."

श्रुतीने जरा विचार केला. "अच्छा. मग आत या."

कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं. फोटोत एका कोपऱ्यात श्रुतीचं बोट आलं, अर्धं कपाळ कापलं गेलं, आणि मधोमध निहारिका, रडता रडता खदखदून हसणारी. आजवर मी काढलेल्या फोटोंत हाच मला सगळ्यांत आवडतो.

आता माझं बटण अडकतं, तरी दर चैत्रात मला बाहेर काढतात. माझी विनंती एवढीच, की जुन्या वस्तूंना कपाटात कोंडून ठेवू नका. आणि घरात जी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातून कधीतरी कॅमेरा घ्या आणि तिला समोर उभी करा. त्याने काय होतं, ते सांगतो.

यंदा हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "लॉकडाऊनमध्ये लहान मुलांचे फार हाल झाले असतील, नाही?" निहारिकाने श्रुतीकडे पाहिलं.

श्रुती आता तेरा वर्षांची आहे. पन्ह्याचे पेले भरता भरता ती म्हणाली, "नाही हो काकू, आमच्याकडे तर तेव्हा खूप पाहुणे आले होते."