एकशे चाळीस पेट्या आणि एक क्लिप

हरिहरपंतांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. पण दोन हजार चारच्या चैत्रात ते रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसले. मांडीवरच्या पिशवीत एक सीडी होती.

कॅफे तेजस्वीचा. ती लोकांना वेबसाइटही करून देई, आणि त्या ठेवायला जागाही मुंबईच्या एका कंपनीकडून मिळवून देई.

"काय आहे हो काका हिच्यात?"

"लीला आहे."

लीला, म्हणजे त्यांची बायको, जाऊन आठ महिने झाले होते. आळीत जन्मलेली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली. शेजारच्या स्वानंदीच्या बाळाला ती न्हाऊ घालत असताना स्वानंदीच्या भावाने कॅमेऱ्याने शूटिंग केलं होतं. चारच मिनिटांचं. आता हरिहरपंतांची मुलगी उर्वी अमेरिकेत बाळंत होणार होती. तिचं एकच मागणं होतं, "बाबा, आईची ती क्लिप मला समोर लावून बाळाला पहिली आंघोळ घालायची आहे."

सीडीची एक प्रत पोस्टाने पाठवून झाली होती. तिकडे तीन तुकडे पोचले. मेलमध्ये ती मावत नव्हती.

तेजस्वीने क्लिप आवळून आवळून सहा एमबीची केली. चित्र काडेपेटीएवढं झालं, पण लीलाचा आवाज स्वच्छ होता.

"आता जागा. एक फुकटवाली आहे," ती म्हणाली आणि तिने ती उघडून दाखवली. बाजूला जाहिरातीतली एक बाई अपुऱ्या कपड्यांत लचकत होती.

"अगो, हिच्या शेजारी लीलाला बसवू? उठून येईल ती मला ओरडायला!"

"मग पैसेवाली घ्या. ही बाराशे वर्षाला, ही साडेचार हजार. जागा दोन्हीकडे भरपूर आहे. फरक बँडविड्थचा. म्हणजे महिन्याला तिथून किती माल बाहेर जाऊ शकतो, त्याचा."

हरिहरपंतांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आगर केवढंही असो, पाटाचं पाणी किती येतं ते बघायचं."

"अगदी तसंच. बाराशेवालीत तुमची क्लिप महिन्यातून एकशे सत्तर वेळा बघता येईल. पुढे बंद. एक तारखेला परत चालू. बघणार किती जण?"

"उर्वी. दुसरं कोण?"

"मग बाराशेवाली पुष्कळ झाली."

"हजाराला दे."

"काका, हे आंबे नाहीत."

"म्हणूनच हजार म्हटलं. आंबे असते तर आठशे म्हटलं असतं."

अकराशेला जमलं. क्लिप चढवायला दीड तास लागला. हरिहरपंत तेवढा वेळ पडद्यावरची पट्टी भरताना बघत बसले, जसे घरच्या बागेतले आंबे पिकायला घातल्यावर आढीजवळ बसत. रात्री उर्वीचा फोन आला. क्लिप दिसली होती. ती आधी हसली, मग रडली, मग परत हसली.

मे उजाडला आणि बागेत तोडणी जोरात सुरू झाली. बाजारात माल पाठवायच्या आधी घरच्या माणसांच्या पेट्या निघत. दादर, ठाणे, पुणे, चिपळूण, केळशी, मिळून एकशे चाळीस. प्रत्येक पेटीत गवताच्या वर लीला एक चिठ्ठी ठेवी, 'घाई करू नये. वास सुटल्यावरच कापावा.' यंदा चिठ्ठ्या हरिहरपंतांनीच लिहिल्या. लिहिता लिहिता त्यांना वाटलं, दरवर्षी लोक लीलाच्या हातची चिठ्ठी वाचतात, यंदा वाचणार नाहीत. म्हणून प्रत्येक चिठ्ठीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, 'लीला इथे भेटेल,' आणि पुढे वेबसाइटचा पत्ता.

एक तारखेला उर्वीला मुलगी झाली. नाळ पडेपर्यंत आंघोळ घालायची नव्हती. बाराव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"बाबा, पाणी काढलंय, शार्दूल बसलाय, आणि साइट बंद आहे! बँडविड्थ लिमिट एक्सीडेड म्हणते. आता काय करू?"

हरिहरपंतांना काय झालं ते कळलं नाही, पण बंद म्हणजे बंद, एवढं कळलं. तेजस्वीकडे जाऊन येईपर्यंत बाळाचं पाणी गार होणार. पण लीला गेल्यापासून घरच्या टीव्हीवर ती सीडी त्यांनी किती वेळा पाहिली होती, ते त्यांनाच माहीत.

"फोन स्पीकरवर टाक," ते म्हणाले. "मी सांगतो."

"तुम्ही? बाबा, तुम्ही मला एकदा तरी आंघोळ घातली होतीत का?"

"नाही. पण ऐक. आधी कोपर बुडव पाण्यात. बोट नाही, कोपर."

"बुडवलं. बरं आहे."

"शार्दूलराव, पाय लांब करा. जोडून. विजार वर केलीत ना?"

"हो बाबा," जावई तिकडून म्हणाला. "निसटणार नाही ना ती?"

"घाबरताय काय, ती तुम्हाला खाणार नाही. आता तिला पालथी घ्या, डोकं पावलांकडे. हनुवटीखाली हात."

सांगता सांगता हरिहरपंत स्वतःच जमिनीवर पाय पसरून बसले होते. नडग्यांवर उशी आडवी होती. फोन खांद्यात धरून ते उशीला तेल लावत असल्यासारखा हात फिरवत होते. पोर किंचाळली.

"रडू दे. आई काय म्हणते, 'रड गो बाई, छाती मोठी होईल.' आता उताणी. कपाळावर हाताची आडवी पन्हळ कर, डोळ्यांत पाणी जाता नये."

पोर गप्प झाली. तिकडे दोघंही हसायला लागले. आता तिला उचलणार, तेवढ्यात हरिहरपंत म्हणाले, "थांब. शेवटचा तांब्या तिच्यावरून ओवाळ आणि बाजूला ओत. मग गुंडाळ."

दुसऱ्या दिवशी ते तेजस्वीकडे गेले. तिने आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काका, नऊ तारखेलाच एकशे सत्तर पूर्ण! पत्ता दिलात तरी कोणाकोणाला?"

"घरच्याच माणसांना."

"किती घरची माणसं?"

"एकशे चाळीस पेट्या."

ती हसत सुटली. "आता साडेचार हजारवाली घ्या गपचूप."

"कशाला? पाणी कमी पडलं म्हणून कोणी दुसरी नदी आणतं काय? पाळ्या लावायच्या." त्यांनी तिथेच तिच्याकडून कागद घेतला. पहिल्या आठवड्यात फक्त उर्वी. मग दादर. मग ठाणे. पुणेकरांना वीस तारखेनंतर, कारण पेटी पोचल्याचं त्यांनी कळवलं नव्हतं. शंभरावर पोस्टकार्डं गेली. दादरच्या वहिनींचा रागाचा फोन आला. पाच वेळा बघितली म्हणून काय झालं, आमची नव्हती का ती? हरिहरपंतांनी तो राग आनंदाने ऐकून घेतला.

एक जूनला साइट चालू झाली. उर्वीने त्याच दिवशी फोन केला.

"बाबा, आज क्लिप समोर लावून घातली आंघोळ. तुम्ही सगळं बरोबर सांगितलं होतंत. पण शेवटचा तांब्या ओवाळून टाकायचा, ते आई करतच नाही की यात."

"तोवर कॅमेऱ्याचा सेल संपला होता."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुझ्यावरून ओवाळत असे," हरिहरपंत म्हणाले. "मी दारात टॉवेल घेऊन उभा असायचो."

पलीकडून क्लिपमधल्या पाण्याचा आणि बाळाच्या हुंकाराचा आवाज येत राहिला.

"अगो, क्लिप बंद केलीस ना?" ते म्हणाले. "चालू ठेवू नको. दादरवाले माझ्या नावाने शंख करतील."