पाठ केलेली उत्तरं

भाची उठेना, तशा पेटीबाई मैदानात धावल्या आणि अर्ध्या वाटेतून तशाच मागे फिरल्या. पेटी बाकाखालीच राहिली होती. जिच्यावरून मुलींनी त्यांना हे नाव ठेवलं, नेमकी तीच!

प्रथमोपचाराची पेटी काखोटीला मारून त्या पुन्हा निघाल्या. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ कोणाला होता? उभा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतर त्या या मुलींच्या रग्बी संघाबरोबर हिंडू लागल्या. कारण उघड होतं. भावाच्या या लेकीला त्यांनीच वाढवलं होतं, आणि पोरीला खेळ सुचला तोही असा, अंगावर धावून जाण्याचा.

त्या पोचेपर्यंत मुलींनी भाचीभोवती कडं केलं होतं. माना आत, पाठी बाहेर.

"सरका गं."

"आत्या, एक मिनिट. तिला जरा श्वास घेऊ दे," कर्णधार म्हणाली.

"घेऊ कसा देणार? सगळी हवा तुम्हीच अडवलीय की!"

कडं नाइलाजाने उघडलं. भाची उठून बसली होती. डोक्यावरची जाड अस्तराची टोपी वाकडी झालेली, दातांवरचं माउथगार्ड मुठीत. पेटीबाईंनी तिची मान चाचपली, बोटं हलवायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. रक्त कुठेच नव्हतं. टोपीने कातडी वाचवली होती. आत काय हललं असेल ते टोपीला काय ठाऊक?

भाचीने त्यांच्याशी अबोला धरला होता. मागच्या सामन्याआधी सरावात तिचं डोकं आपटलं, तेव्हा पेटीबाईंनी तिला तो सामना खेळूच दिला नव्हता; पूर्ण वेळ बाकावर बसवून ठेवलं होतं. पुढे डॉक्टरांनी काही झालेलं नाही म्हणून सांगितलं, तसा तिचा राग दुप्पट झाला. "तू माझी आत्या नाहीस, नुसती पेटी आहेस," म्हणाली, आणि ताट घेऊन खोलीत जाऊन बसली. तेव्हापासून घरात भांड्यांचाच आवाज.

"कितवा हाफ चाललाय?" त्यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"दुसरा."

"शेवटचे गुण कोणी केले?"

"आपल्या कर्णधारताईने."

"मागचा सामना?"

"जिंकलो."

उत्तरं घडाघडा आली, पाढे म्हटल्यासारखी. पेटीबाईंनी मान वर केली. समोर कर्णधाराचे ओठ हलत होते. वर्गात अडलेल्या मैत्रिणीला पुढची ओळ पुरवणाऱ्या मुलीसारखे. मग त्यांना ते कडं उमगलं. हर सामन्यात त्या हेच विचारत आल्या होत्या. पोरींना प्रश्नही पाठ होते आणि उत्तरंही.

तेवढ्यात प्रशिक्षक धापा टाकत आले.

"ठीक आहे ना, बाई? राखीव कोणी उरलेलं नाही. ही गेली तर एक कमी घेऊन खेळावं लागेल. अंतिम सामना आहे हो! आता थोडक्यासाठी..."

थोडक्यासाठी. पेटीबाईंच्या तरुणपणी मैदानावर औषध म्हणून एक बादली आणि एक स्पंज असे. पडलेल्याच्या डोक्यावर गार पाणी पिळायचं, पाठीवर थाप मारायची, की गडी पुन्हा खेळायला मोकळा. असाच एकजण संध्याकाळी त्यांच्या वॉर्डात हसत हसत चालत आला होता. पहाटे त्याच्या आईला त्यांनीच धरून खाली बसवलं होतं.

त्या भाचीसमोर उकिडव्या बसल्या. कर्णधार आपल्या पाठीमागे राहील अशा.

"मागच्या सामन्यात फार धावावं लागलं का गं?"

भाची खुदकन हसली.

"फार म्हणजे? पायांचे तुकडे पडायचे बाकी होते. घरी आल्यावर तूच नाही का तेल चोळून दिलंस?" आणि तिने आत्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मागे कोणीतरी हुंदका दाबला.

पेटीबाईंचा हात क्षणभर तसाच तिच्या हातांत राहिला. दुसरा त्यांनी पंचांच्या दिशेने वर केला.

इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टरांनी तिला देखरेखीखाली ठेवायला सांगितलं. खाट रिकामी होईपर्यंत दोघी बाकावर बसल्या होत्या.

"आत्या, आपण जिंकलो का?"

"हरलो, बाळा."

"अरेरे." भाचीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. जरा वेळाने पुन्हा, "आत्या, आपण जिंकलो का?"

प्रत्येक वेळी नव्याने वाईट वाटून घेऊन ती पुन्हा खांद्यावर टेकत होती. पेटीबाई उत्तर देत होत्या, दाराकडे बघत होत्या, पेटीतलं गुंडाळलेलं बँडेज उलगडून परत गुंडाळत होत्या. इतकं गोड ही पोर लहानपणीसुद्धा बोलली नव्हती. त्यांना ते ऐकवेना.

मग एकदा प्रश्न आलाच नाही. त्यांनी वळून पाहिलं. भाची स्वतःच्या मळलेल्या जर्सीकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"मागच्या वेळी तूच मला बसवलंस," ती सावकाश म्हणाली. "आणि आज परत?"

"हो."

"अंतिम सामन्यातून?"

"हो."

भाचीने खांद्यावरचं डोकं काढलं, बाकाच्या पार टोकाला सरकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पेटीबाईंनी बँडेज पेटीत टाकलं. खांदा एकदम हलका झाला होता, गारही.

"सिस्टर," त्यांनी पलीकडे हाक मारली, "डॉक्टरांना जरा सांगता? म्हणावं, पोरगी चिडलीय."