काटा सातावर, वाजला एक

म्विंजुमाची घंटा कधी चुकत नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे फेरीबोट लागते. तिची साखळी सोडायची आणि दर तासाला घंटा द्यायची, हे त्याचं काम. बावीस वर्षं तो ते करत आला. तिसरीतून शाळा सुटलेल्या माणसाच्या घंटेवर सगळं गाव आपली घड्याळं लावतं, याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायची कला त्याला अजिबात येत नव्हती.

आफ्रिकेच्या या पूर्व किनाऱ्यावर तास मोजायची रीत साधी आहे. सूर्य उगवला की दिवस सुरू. तिथून एक तास झाला की एक वाजला. घड्याळाचा काटा तेव्हा सातावर असतो. असेना का! काटा सातावर आला की एक, आठावर आला की दोन, नवावर आला की तीन. डोळ्यांनी काटा बघायचा आणि तोंडाने समोरच्या बाजूचा आकडा बोलायचा, हे इथे पोराला चालता येण्याच्या आधी येतं. बाकीच्या जगात काही वेगळं चालतं याचा म्विंजुमाला संशय यायला हवा होता. कारण परदेशी पाहुणे नेहमी चुकायचे. सकाळी दोनची फेरी सांगितली की ती जाऊन सहा तास झाल्यावर घामाघूम होऊन उगवायचे. म्विंजुमाने त्याचा दोष उन्हाला दिला होता.

त्याची एकुलती एक मुलगी चाउसिकू टेकडीवरच्या इंग्रजी शाळेत दुसरीत होती. तिच्या मुतिन्ता बाई नवीन होत्या, थेट झांबियातून आलेल्या. नवरा पलीकडच्या घायपाताच्या मळ्यावर नोकरीला लागला म्हणून त्या आल्या, आणि गावाला बाई मिळाल्या. पहिल्याच सभेत त्यांनी हेडमास्तरांकरवी पालकांना सांगितलं होतं, "रोज अर्धा तास मुलाजवळ बसा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. नुसतं बसा."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. म्विंजुमा मात्र बसला. सूर्यास्ताची मगरिबची नमाज झाली की तो अंगणात चटई टाकायचा, मासे साफ करायच्या सुरीने पेन्सिलीला टोक काढायचा, तेही असं की कधी कधी वहीचं पान फाटायचं, आणि विचारायचा, "बोल, आज काय शिकवलं आपल्या बाईंनी?" चाउसिकू इंग्रजीतलं वाचायची, मग त्याला स्वाहिलीत सांगायची. सांगता सांगता तिचं तिलाच समजायचं. म्विंजुमाला वाटायचं, आपण काहीच करत नाही.

"चाउसिकूचे बाबा," त्याची बायको म्वानाइदी चुलीपासून ओरडायची, "दुसरी पास झालात की सांगा हं. बोकड कापू."

"काप! पहिला नंबर येणार आहे माझा."

अशात एका मंगळवारी चाउसिकूने वही उघडली आणि म्विंजुमा चटईवर ताठ बसला. पानावर दहा घड्याळं काढलेली होती. प्रत्येकाखाली किती वाजले ते लिहायचं होतं.

"हे मला येतं!" तो इतक्या जोराने म्हणाला की कोंबडी दचकून उडाली.

चाउसिकूने पहिल्या घड्याळावर बोट ठेवलं. काटा सातावर होता. "बाबा, बाई वर्गात याला सात म्हणाल्या."

"बाई परक्या मुलखातल्या आहेत, बाळ. मोठ्या शिकलेल्या आहेत, पण तासाचं त्यांना काय ठाऊक? सातावर काटा असताना मी कितीची घंटा देतो?"

"एकची."

"मग लिही एक."

तिने लिहिलं. दहाही घड्याळं झाली. साडे कुठे, पावणे कुठे, म्विंजुमाने एकेक काटा निरखून घेतला. त्या रात्री तो जेवताना दोनदा म्हणाला, "दहापैकी दहा." आपण लेकीला खरोखर काही शिकवलं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

गुरुवारी वही परत आली. पानावर दहा फुल्या होत्या, लाल आणि ठसठशीत. खाली इंग्रजीत एक ओळ होती.

"काय लिहिलंय?"

चाउसिकूने ओळीवर हात ठेवला.

"वाच, बाळ."

"कृपया घरी मदत करा," तिने हळू आवाजात सांगितलं.

म्विंजुमाने वही हातात घेतली. त्या ओळीतला एकही शब्द त्याला कळत नव्हता, तरी तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. "उद्यापासून तुझा अभ्यास तू एकटी कर. माझ्यामुळे तुझं नुकसान व्हायला नको." एवढं बोलून तो धक्क्यावर निघून गेला. त्याच्या मनाला फार लागलं होतं.

शुक्रवारी तो चटई टाकायला आला नाही. चाउसिकूने पायरीवर बसून चार ओळी खरडल्या आणि वही दप्तरात कोंबली. पेन्सिल बोथट झाली होती, पण तिने कुणाला टोक करून मागितलं नाही.

म्वानाइदीने ते पाहिलं. "सूर्याला किती वाजले ते सांगणारा माणूस तुम्ही, आणि दहा फुल्यांनी आडवे झालात?"

"मला येत नाही ते मी कशाला शिकवू?"

"तुम्हाला येतं म्हणून ती तुमच्याशेजारी बसायची काय? येडबंबू कुठले! वही काय म्हणते ते वाचून सांगायला तिला कुणीतरी लागायचं. आता ती कुणाला सांगणार, कोंबडीला?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पालकांची सभा होती. वेळ म्हणून चाउसिकूच्या वहीत फक्त आकडा होता: 2. म्विंजुमाने ठरवलं, जायचं आणि बाईंना तोंडावर सांगून यायचं, की पोरीचा दोष नाही, चुकलं ते माझं. आणि इथून पुढे मी बसणार नाही, तिला शिकलेला कुणीतरी बघून द्या.

शनिवारी सकाळी दोन वाजता, म्हणजे काटा बरोबर आठावर असताना, तो इस्त्रीचा पांढरा पायघोळ कांझू आणि भरतकामाची टोपी घालून शाळेच्या फाटकात उभा राहिला. दुभाषी म्हणून चाउसिकू वहीसकट बरोबर होती. शाळेमागच्या खोलीत बाई राहत. त्या अंगणात बादली पुढ्यात घेऊन कपडे धूत होत्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"शिकामू, बाई," चाउसिकूने वाकून नमस्कार केला.

बाई चपापल्या. "अगं, काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"सभेला आलोय."

"सभा दोनला आहे!"

चाउसिकूने बाबांना सांगितलं. म्विंजुमाने मनगट पुढे केलं. "दोनच वाजलेत म्हणावं. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

बाईंनी त्याच्या घड्याळात वाकून पाहिलं. "आठ वाजलेत."

"दोन!"

"आठ!"

चाउसिकूची मान या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरत होती. तेवढ्यात फाटक करकरलं. छत्री घेतलेली एक जाडजूड आई आत आली, तिच्यामागे दोन आज्या, मग नवी चप्पल घातलेला एक कोळी. पाच मिनिटांत अंगणात वीसएक माणसं नटूनथटून उभी राहिली आणि वाळत घातलेल्या चादरींकडे सभ्यपणे न बघायचा प्रयत्न करू लागली.

"दोनला बोलावलंत, दोनला आलो," छत्रीवाली म्हणाली. "पण सभेला कपडे धुवायचे आहेत हे मुलांनी सांगितलं नव्हतं. साबण आणला असता."

बाईंनी त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग म्विंजुमाच्या मनगटाकडे, मग चाउसिकूच्या हातातल्या वहीकडे. हात कमरेच्या कापडाला पुसून त्यांनी वही घेतली आणि घड्याळांचं पान उघडलं. सात होते तिथे एक. दहा होते तिथे चार. साडेअकरा होते तिथे साडेपाच. बोटावर मोजता मोजता त्या उलट्या बादलीवर बसल्या.

"सहा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ठिकाणी नेमके सहा. साडे बरोबर, पावणे बरोबर." त्यांनी म्विंजुमाकडे पाहिलं. "ही घड्याळं तिने तुमच्याबरोबर बसून केली?"

चाउसिकूने विचारलं. म्विंजुमाने घसा खाकरला आणि रात्रभर घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. पोरीचा दोष नाही. ती सात म्हणत होती, मीच एक लिहायला लावलं. आता मी बसणार नाही. शेवटचं वाक्य मात्र चाउसिकूने इंग्रजीत सांगितलं नाही.

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही."

बाई काही खुळ्या नव्हत्या. त्या उठल्या. "बाबांना सांग, वर्गातल्या बाकी सगळ्यांचे दहापैकी दहा आले. फळ्यावरून उतरवून घेतलेले. मी फळा पुसला की त्यांना एकही येणार नाही. एकाच मुलीजवळ घरी कुणीतरी बसलं होतं, आणि मी नेमकं तिलाच लिहिलं की घरी मदत करा."

हे स्वाहिलीत सांगताना चाउसिकूचा आवाज चिरकला. म्विंजुमा टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवू लागला, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

बाईंनी खोलीतून लाल पेन आणलं. "फुल्या मी खोडणार नाही," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत सात म्हणजे सातच, ते तिला यायलाच हवं. पण ही ओळ चुकली आहे, आणि ती चूक माझी." त्यांनी ती ओळ दोनदा आडवी खोडली, पोरं खोडतात तशी, कागद फाटेपर्यंत.

मग सभा झाली, तेव्हाच्या तेव्हाच. बाईंनी वर्गात फळ्यावर एक मोठं घड्याळ काढलं. बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेला म्विंजुमा प्रत्येक काट्याला आपला आकडा सांगत होता आणि बाई शेजारी स्वतःचा लिहीत होत्या. त्या दिवशी सर्वांत जास्त बाईच शिकल्या, असं छत्रीवाली नंतर गावभर सांगत फिरली.

सोमवारी घरचा अभ्यास पुन्हा घड्याळांचाच होता. पण या वेळी प्रत्येकाखाली दोन रकाने होते, एक इंग्रजी आणि एक किनाऱ्याचा. मगरिबनंतर चाउसिकू अंगणात आली, तर चटई आधीच टाकलेली होती आणि पेन्सिलीला भाल्यासारखं टोक होतं.

"तू तुझा रकाना भर, मी माझा भरतो," म्विंजुमा म्हणाला.

"नाही. आज उलट. तुम्ही इंग्रजी भरा."

"मी?"

"मी बसते ना शेजारी."

म्वानाइदी चुलीपुढून तोंडावर पदर धरून बघत राहिली. म्विंजुमाने जीभ दातांत धरली आणि बोटं मोजत आकडे लिहायला सुरुवात केली. पाच घड्याळं जमली. सहाव्यात सहा मिळवायचे की वजा करायचे या घोळात त्याने चौदा वाजवले.

चाउसिकूने दप्तरातून लाल पेन्सिल काढली. चौदावर ठसठशीत फुली मारली आणि खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली.

ती वाचून दाखवायची गरज नव्हती. त्या ओळीकडे तो आधी इतका वेळ बघत बसला होता, की तिचा आकार त्याला झोपेतही ओळखता आला असता. त्याने मान वर केली.

"कोण करणार मदत?" तो म्हणाला.

चाउसिकू सरकून त्याच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिने त्याचं बोट धरून काट्यावर ठेवलं. "आता बघा, बाबा," ती म्हणाली. "घाई करू नका."