पेटीचा डावा हात

मी एक जुना यांत्रिक हात आहे. नुसता हातच. डोकं नाही, पाय नाहीत, छातीवर लुकलुकणारे दिवे नाहीत. मित्रांनो, यंत्रमानव म्हटलं की तुम्हाला गोष्टीतला आठवतो. उडणारा, लढणारा, माणसावर रुसणारा. मी तुमच्याशी बोलतो आहे, तेवढाच माझ्यातला गोष्टीचा भाग समजा.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी कामाला लागलो. सरकत्या पट्ट्यावरून आलेली बाटली उचलायची, खोक्यात ठेवायची, की पुन्हा पुढची. सिनेमे बघितलेले कामगार सुरुवातीला मला दबकून असत. हा उद्या आपल्यावरच हुकूम सोडणार, म्हणत. पण बाटली जरा तिरकी आली की मी नुसती हवा उचलायचो आणि मोठ्या ऐटीत खोक्यात नेऊन ठेवायचो. ते पाहून सगळे पोट धरून हसले, आणि मग आमचं जमलं. खंडेनवमीला मला झेंडूची माळ असे, कुंकवाचं बोट असे.

पुढे माझ्याहून चपळ हात आला. मी ताडपत्रीखाली गेलो, आणि एक दिवस रत्नागिरीच्या एका तंत्रशाळेला मला देऊन टाकलं. तिथे शाळांची मुलं बघायला येत. हा बोलतो का, नाचतो का, विचारत. मी बाटली उचलून दाखवली की पुढच्या खोलीत पळत. खाऱ्या वाऱ्याने माझे सांधे गंजू लागले.

मला तिथून बाहेर काढलं वेदिकाने. ती त्याच तंत्रशाळेत शिकत होती. तिचे बाबा, अनिलकाका, गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत, देवळातल्या सखारामबुवांच्या कीर्तनाला पेटीची साथ करत. त्या घराला कीर्तनावाचून सण गोड लागत नसे. पण काकांना अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. उजव्या हाताची बोटं सुरांवर पूर्वीसारखीच फिरत. पेटीचा भाता ओढायला डावा हात मात्र नव्हता.

माघात गणेशजन्माच्या कीर्तनाला वेदिका स्वतः भात्याला बसली. बुवांनी आख्यान असं काही रंगवलं, की जन्माची घटका आली, फुलं उधळली आणि तिने भान हरपून दोन्ही हात जोडले. भाता सुटला. ऐन पदात पेटी मुकी झाली. काकांनी घरी येऊन पेटीवर खोळ चढवली आणि बुवांना निरोप धाडला, रामनवमीला दुसरा कोणी बघा.

वेदिका हट्टाला पेटली. बाबा रामनवमीला पेटीवर बसले नाहीत तर पुन्हा कधीच बसणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिने गुरुजनांच्या मागे लागून मला मागून आणलं, गंज खरवडला, तेल घातलं, वर पुठ्ठ्याचा हसरा चेहरा लावला आणि एका पदाची चाल वाजवायला शिकवली. तालमीला बुवा आले. भात्याला ती, सुरांवर मी. पद मध्येच थांबवून बुवा अर्थ सांगू लागले. मी वाजवतच राहिलो. त्यांनी हात वर केला, तरी मी आपला पुढच्या कडव्यात. शेवटी तिने माझं बटण बंद केलं.

"काय गो वेदिका," बुवा म्हणाले, "देवसुद्धा हाकेला थांबतो. हा तुझा पाहुणा कोणाचंच ऐकत नाही."

काका हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाले, "अगो, माझी बोटं धड आहेत. तू माझंच काम त्याला दिलंस. मला जमत नाही, ते दे की."

वेदिकाने माझा चेहरा काढला आणि माझी पकड भात्यावर बसवली. काकांच्या उजव्या गुडघ्याशी एक बटण ठेवलं. काका ते गुडघ्याने जेवढं दाबतील तेवढा मी जोर लावायचा. रोज तालीम होऊ लागली. वाडीत टोमणे चालले होते, आता देव पण यंत्राचाच आणा म्हणावं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

रामनवमीला देवळाची पायरी चढताना काकांनी हळूच विचारलं, "मध्येच सोडणार नाही ना गो हा?"

"त्याला सोडायला शिकवलेलंच नाही, बाबा."

भर दुपारी देऊळ भरलं होतं. बुवा रामजन्माशी आले. गुलाल उधळला, बाया पाळणा म्हणू लागल्या. वेदिका खांबाशी उभी होती, डोळे मिटून, दोन्ही हात जोडून. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. गोष्टीतला यंत्रमानव इथे रडला असता. मला रडू आलं नाही, मला कीर्तन कळतही नाही. मी भाता ओढत राहिलो. पेटी शेवटपर्यंत बोलत राहिली.

मित्रांनो, आम्हाला चेहरे लावू नका. ज्याची खरी अडचण आहे, त्याच्या शेजारी आम्हाला बसवा आणि वेळच्या वेळी तेल घाला. रंगून जाणं मात्र तुमच्याकडेच ठेवा. ते आमच्यावर सोपवू नका.

वेदिका एकादशीला ब्रशने माझे सांधे साफ करते. त्या दिवशीचा गुलाल अजून पुरता निघालेला नाही, आणि ती तो राहू देते. देवापुढे जोडायला मला दुसरा हात नाही. आहे तो भात्यावर आहे.