कपाळावरची वेळ

पेन्सिल सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर उरली आहे. एका बाजूला चाकूनं काढलेलं टोक, दुसऱ्या बाजूला दातांच्या खुणा. कोरड्या कागदावर ती राखाडी उमटते, ओल्या जागी जांभळी. मावशीच्या उशाखालच्या डबीत ती सापडली तेव्हा मी मनगटावर एक रेघ ओढून पाहिली. साध्या पाण्यानं ती गेली नाही. साबण लावून चोळली, तेव्हा चौथ्या खेपेला फिकट झाली आणि दहाव्या खेपेला गेली. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढल्यावर असं मोजल्याशिवाय राहवत नाही. या वेळी मात्र मला तो आकडा हवाच होता. दहा वेळा हात फिरवावा लागतो, म्हणजे ही खूण सहजासहजी पुसली जात नाही.

मावशी सत्त्याण्णव वर्षं जगली. त्यातली तीनच वर्षं युद्धातली. उरलेली बहुतेक शहरातल्या इस्पितळात आणि आमच्या घरात गेली. पण आम्हाला माहीत असलेली मावशी त्या तीन वर्षांतच घडली होती. ती प्रत्येक गोष्ट दोन जागी लिहायची. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’, झाकणावरही ‘मीठ’. आम्हाला ताप आला की औषध दिल्याची वेळ कपाळावर आणि तीच वेळ मनगटावर. तशीच जांभळी कपाळं घेऊन आम्ही शाळेत जायचो. एकदा बाईंनी माझ्या भावाला विचारलं, “हे काय रे?” तो म्हणाला, “सव्वासात.” घरात आम्ही तिला ‘दोनदा मावशी’ म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं. “दोनदा म्हणा, तीनदा म्हणा,” ती म्हणायची, “पण गोळी एकदाच घ्या.”

दोनदा का, ते तिनं मला अकरा वर्षांपूर्वी सांगितलं. आम्ही गाडीत होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिला तिच्या जुन्या मैत्रिणीकडे सोडायचे. दोघी युद्धाच्या छावणीतल्या एकाच तंबूत नर्स होत्या. मैत्रीण आठ महिन्यांनी उशिरा रुजू झाली, म्हणून तिचं नाव धाकटी पडलं आणि आमच्यासाठी ती धाकटी मावशी झाली.

त्या तंबूत वेदना थांबवणारं मॉर्फिन दिलं की, दुसरा डोस लवकर दिला जाऊ नये म्हणून रुग्णाच्या कपाळावर वेळ लिहीत. कागद हरवतो, कपाळ रुग्णासोबतच राहतं. एका दुपारी मावशीनं एका तरुण शिपायाला इंजेक्शन दिलं आणि वेळ लिहिली. तो रडायला लागला. म्हणाला, “सिस्टर, ते पुसा. ज्यांच्या कपाळावर लिहिलं ते सगळे गेले. येणारा जाणारा माझ्याकडे मेल्यासारखा बघतो.” मावशीला त्याची दया आली. तिनं स्वतःचा साबण आणला, ओल्या कापडानं त्याचं तोंड धुतलं, कपाळ घासून स्वच्छ केलं. आता मनगटावर लिहू म्हणून पेन्सिल काढली, तेवढ्यात बाहेर जखमींचा ट्रक आला आणि हाका सुरू झाल्या. ती पेन्सिल दातांत धरून धावली.

अर्ध्या तासानं धाकटी तिथं आली. कपाळ कोरं होतं. तिनं पुन्हा तेच इंजेक्शन दिलं.

“तो झोपला तो झोपलाच,” मावशी म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा धाकटी सांगत होती, कपाळ कोरं होतं, मी नीट पाहिलं. डॉक्टर म्हणाले, दमली आहेस, पाहिलंच नसशील. मी समोर उभी होते गं. ओलं कापड हातात होतं. मला वाटलं, आत्ता नको, माणसं उतरताहेत. मग वाटलं, संध्याकाळी सांगू. सकाळी तिला घरी परत पाठवलं.”

“आणि मग?”

“मग काय. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत हा रविवार आला.” तिनं गाडीचं दार उघडलं. “मी सांगेन. तू मध्ये पडायचं नाहीस. शब्द दे.”

मी शब्द दिला. त्यानंतर अकरा वर्षं परतीच्या वाटेवर ती आपणहून म्हणायची, “आजही नाही जमलं.” गप्प बसणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

धाकट्या मावशीनं पुन्हा नर्सचं काम केलं नाही. लोकरीच्या दुकानात चाळीस वर्षं उभी राहिली. स्वतःच्या मुलाला खोकल्याचं औषध द्यायचं तरी शेजारणीला हाक मारायची.

मावशी गेल्यावर तेराव्या दिवशी धाकटीच्या सुनेचा फोन आला. “त्यांना मावशींची काहीतरी वस्तू हवी आहे. काहीही चालेल म्हणाल्या.”

मी पेन्सिल पर्समध्ये टाकताना आईनं पाहिलं. मावशीच्या खोलीत बसून ती चादरींच्या घड्या घालत होती. मावशीनं आईला ते कधी सांगितलं, मला माहीत नाही. पण बहिणींना एकमेकींचं कळतंच.

“तू सांगणार आहेस,” आई म्हणाली.

“अजून ठरवलं नाही.”

“तुझं तोंड बघितलंय मी. अगं, ती पंच्याण्णवची आहे. कानानं अधू, डोळ्यांनी अधू. आता सांगून तिचं काय भलं होणार? एकच मैत्रीण होती, तीही जाईल तिची.”

“आई, तिनं बरोबर पाहिलं होतं.”

“हा तुझ्या प्रयोगशाळेतला रिपोर्ट नाही, आला तसा पाठवून द्यायला.” तिनं चादर झटकली. “आणि माझी बहीण आत्ता कुठे गेलीय. थोडं थांब ना.”

तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. मी पर्स उचलून निघाले.

धाकटी मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. समोरच्या स्टुलावर पत्ते होते, दोन हात वाटलेले.

“सवयीनं वाटले,” ती म्हणाली. “बस. तुझी मावशी लबाड होती हं. हरायला लागली की तिला चहाची तहान लागायची.”

“घरीसुद्धा तेच करायची.”

“आणि मी तिला जिंकू द्यायची. का ठाऊक आहे? मला परत पाठवलं, तेव्हा त्या सगळ्यांतून मला पत्र लिहिणारी ती एकटी. माझ्या हातून माणूस मेला, तरी तिनं मला टाकलं नाही.” तिनं पत्ते गोळा केले. ते नीट जुळत नव्हते. “अजून ते कपाळ दिसतं मला. स्वच्छ. साबणाचा वाससुद्धा येतो. मग वाटतं, मनानंच रचलं असेल. आपली चूक झाली की मन असं काहीबाही रचतं.”

साबणाचा वास. तो तिच्या लक्षात होता.

मी पेन्सिल काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बोटांनी ती चाचपली, टोकाला बोट लावून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूच्या दातांच्या खुणांवर अंगठा फिरवत राहिली.

“ही अजून होती तिच्याकडे?”

“हो,” मी म्हणाले. मग जे बोलायचं ते बोलले, पण माझ्या नेहमीच्या आवाजात.

“काय? मोठ्यानं बोल बाई. तुझं नेहमीचंच, स्वतःशीच बोलल्यासारखं.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सून हात पुसत दाराशी आली. मी खुर्ची पुढे ओढली, धाकट्या मावशीचा पेन्सिल धरलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि माझा आवाज मलाच परका वाटेल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“तू बरोबर पाहिलं होतंस. कपाळ कोरंच होतं. खूण मावशीनं पुसली होती.”