थोरलीचं म्हणणं

बालकल्याण कचेरीनं सांभाळायला दिलेल्या थोरलीला तीन वर्षांत तीन घरं झाली होती आणि तिन्ही घरांत तिची एकच ख्याती: पोरगी गुणी, कसला म्हणून त्रास नाही. आता दुसऱ्याच्या घरात वाढणारी पोर गुणी असते म्हणजे काय, तर मूग गिळून बसते. ताटात पडेल ते खाते आणि काही हवंय का विचारलं, की नाही म्हणून मान हलवते.

हवं होतं एकच. धाकटा भाऊ. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कुटुंबात होता आणि त्याची फाईलही दुसऱ्याच कचेरीत. आधी महिन्यातून एकदा भेट व्हायची. पण भेट संपली की तो दोन दिवस जेवत नाही, असं तिच्या कानावर आलं. म्हणून एकदा ती म्हणाली, "या महिन्याला राहू दे." तेवढाच पोराला दम मिळेल! पुढच्या महिन्यात कुणी विचारलंच नाही. तिनंही विषय काढला नाही, कारण मागणाऱ्या मुलांची घरं बदलतात, एवढं शहाणपण तिला आलं होतं. या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता तो केवढा झाला असेल, म्हणून ती दाराच्या चौकटीवर हात धरून बघायची. हात दरवेळी थोडा वर सरकायचा.

यंदा कचेरीतल्या सहामाही आढाव्याच्या बैठकीत शेजारी बसायला तिला एक सोबतीण मिळाली. बाई स्वतः अशाच घरांतून वाढलेली. तिनंच फाईल मागवून थोरलीपुढे ठेवली. "वाच. तुझा हक्क आहे."

आत लिहिलं होतं: भावाला भेटण्याची मुलीची इच्छा नाही.

थोरलीला रडूच फुटलं. सोबतीण म्हणाली, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर कचेरी आहे. पण इथे नको रडूस, उद्या तिथे बोल. मी शेजारी बसेन, तुझ्या वतीनं बोलणार नाही."

बैठकीत अधिकारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "सगळं ठीक ना?" आणि उत्तराआधीच पेन टेकवलं.

"नाही," थोरली म्हणाली. आवाज चिरकला. "भावाबद्दलचं ते वाक्य खोटं आहे. मी एका महिन्यापुरतं म्हणाले होते. मला तो हवाय. दर आठवड्याला."

जिच्या घरी ती राहत होती ती मावशी चटकन वळली. "अगं, मग मला बोलायचं नाही का? मी नेलं असतं तुला!"

"मी तुम्हाला जड झाले असते."

मावशीनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मॅडमनी लगेच दुसऱ्या कचेरीला फोन लावला आणि धाकट्याची फाईल काढायला सांगितली. स्पीकरवर कारकुनाचा कंटाळलेला आवाज आला. "मुलाचं म्हणणं ना? चारही आढाव्यांत एकच आहे, मॅडम. ताई रागावली आहे का, तेवढं तिला विचारून सांगा."

चार वेळा विचारलं होतं पोरानं. त्या कचेरीचा कागद या कचेरीत आणायला कुणाला सवड झाली नव्हती.

मॅडमनी खाली मान घालून कोरा कागद पुढे ओढला. थोरलीनं त्यावर हात ठेवला.

"लिहू नका," ती म्हणाली. "त्याच्या घरी फोन लावा. मी सांगते."