बिनअक्षराची पेस्टी

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. नाकं मुरडू नका. तुमच्या घरातल्या चकचकीत, पातळ भांड्यांची बुडं कधीच करपली. मी आहे तशीच आहे. माझा जन्म कॉर्नवॉलचा. तिथली कथलाची खाण बंद पडली, तेव्हा थॉमसिन नॅनकिव्हेलने कपाट विकलं, घड्याळ विकलं, मला मात्र गोधडीत गुंडाळून ऑस्ट्रेलियात, मूंटाच्या तांब्याच्या खाणीवर आणलं. अक्कल होती बाईला.

तापल्या दगडावर मला पालथं घालायचं, वर निखारे रचायचे आणि आत पेस्टी भाजायची. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा भरलेली भलीमोठी करंजीच. तिच्या टोकाला खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर कणकेनं चिकटवायचं. अर्धी खाऊन ठेवली, तरी खाणीच्या अंधारात बोटांना कळतं, कुणाची ते.

मग थॉमसिनच्या जेबेझने लग्न केलं. सून केझिया शहरातली. तिने पितळी मुठींची लोखंडी चूल आणली. ऊब कमी, मिजास फार. मी गेले अंगणात, कोंबड्यांना पाणी पाजायला.

"अक्षर कुठंय गं?" थॉमसिन रोज विचारायची.

"आपल्या घरातून एकच माणूस खाणीत जातो, आई. त्याला त्याचं जेवण ओळखता येतं."

"हात झिजतात वाटतं?"

"तुमच्या जिभेएवढं काम कुठंय त्यांना?"

एका दुपारी खाणीचं छत कोसळलं. बाकीचे वर आले, जेबेझ आला नाही. भुयाराचे दोन्ही फाटे बुजले होते, आणि दोन्ही उकरेपर्यंत आतली हवा पुरणार नव्हती. मुकादम होस्किन अर्धी पेस्टी घेऊन अंगणात आला.

"डाव्या फाट्याच्या तोंडाशी होती. पण अक्षर नाही. कुणाची कोण जाणे, कदाचित कालचीही असेल. माणसं उजवीकडे उकरा म्हणतायत."

केझिया चुलीपासून धावत बाहेर आली. थॉमसिनने पेस्टी दाबून पाहिली.

"मऊ आहे, आजचीच. आणि बिनअक्षराची पेस्टी साऱ्या खाणीत एकाच घरातून जाते. हिचा आळस मी कुठंही ओळखीन. डावीकडे उकरा."

दिवस मावळायच्या आत जेबेझला बाहेर काढलं. पाय मोडला होता, जीव शाबूत होता.

दुसऱ्या सकाळी केझियाने माझ्यातलं पाणी ओतून दिलं, मला वाळूने घासलं, तेल चोळलं. उकरणाऱ्या सगळ्यांसाठी पेस्ट्या भाजायला घेतल्या, प्रत्येकीवर अक्षर. निखारे जरा जास्तच घातले, शहरातलीच ती. अंथरुणावरच्या जेबेझसाठीही एक केली आणि अक्षराला कणीक उचलली.

"त्याची राहू दे," थॉमसिन म्हणाली. "ती ओळखते मी."

त्या पितळी मुठींच्या चुलीवर आता मांजर झोपतं.

तेव्हा मित्रांनो, जुनं भांडं अंगणात भिरकावण्याआधी एकदा घासून बघा. वाळू लागते, तेल लागतं, खांद्यापासून जोर लागतो. तेवढं होत नसेल तर मला हातही लावू नका. कोंबड्या निदान रोज माझ्यापाशी यायच्या.